मोटारगाडी, लहान

दोन ते चार माणसांना थोड्या अंतरावर, मुख्यत्वे शहरात वा शहरालगत, कमी खर्चात नेण्यासाठी योजलेली मोटारगाडी. ती बहुधा चारचाकी, क्वचित तीनचाकी असते. एंजिनाची क्षमता ८०० घ. सेंमी.च्या आत, लांबी ३ ते ३·५ मी. आणि वजन ७०० किग्रॅ.च्या आसपास किंवा त्याहून कमी, अशी तिची स्थूल मर्यादा धरता येते. ही मर्यादा यंत्रशास्त्राने जितकी ठरविली आहे, तितकीच करआकारणीच्या नियमांनीही ठरविली आहे. भारतात २००६ सालच्या अर्थसंकल्पाने ४ मी.पेक्षा आखूड आणि १,२०० घ. सेंमी.पर्यंतचे पेट्रोल एंजिन (डीझेलच्या बाबतीत १,५०० घ. सेंमी.) असलेल्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्के अधिक उपकर याऐवजी १८ टक्के झाला. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ‘लहान’ ठरणाऱ्या पुष्कळ गाड्या प्रस्तुत नोंदीतील गाड्यांहून बऱ्याच मोठ्या असतात. येथे खऱ्या अर्थाने लहान व स्वस्त गाडीचा, विशेषेकरून महाराष्ट्रात तिच्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा व तिच्या निवडीच्या निकषांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : लहान गाडीची कल्पना टंचाईच्या काळात बळावते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ साली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही गाडी काढली. पहिल्या महायुद्धानंतर ज्या कुटुंबांची ऐपत साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीपुरतीच होती, त्यांच्यासाठी ही गाडी होती. मोठ्या गाडीची सर्व अंगे लहान मापात उतरविणे, हे तिचे वैशिष्ट्य. इटलीत दान्ते जाकोझा यांनी फियाट कंपनीसाठी १९३६ साली ५६९ घ. सेंमी.ची ‘५००’ ही गाडी (टोपण नाव ‘तोपोलिनो’ म्हणजे लहान उंदीर) आणि १९५७ साली मागील बाजूस हवाशीतित दोन सिलिंडरांचे एंजिन असलेली नवी ‘५००’ सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी व इटलीत ‘इसेटा’, ‘मेसरश्मिट’, ‘गोगोमोबिल’ यांसारखी, मोटारसायकल व मोटारगाडी यांच्या सीमेवरची वाहने निघाली. ती फार काळ टिकली नाहीत. लोकांच्या हाती थोडा पैसा येताच त्यांनी खरी मोटारगाडीच पसंत केली, हा अनुभव पुढे भारतातही आला.

१९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाने इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि तीतून ॲलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ ही गाडी १९५९ साली बाजारात आली. तिचे ८४८ घ. सेंमी.चे एंजिन आडवे बसविले होते व पुढील चाकांना शक्ती दिली जात होती. चाकांचा व्यास अवघा १० इंच होता, तर धक्के शोषण्यासाठी पोलादी कमानींऐवजी रबराचे शंकू वापरले होते. केवळ ३·०५ मी. लांबीच्या गाडीत चार प्रौढ माणसे बसत. पुढील काळातील जवळजवळ प्रत्येक लहान गाडीने ही मांडणी स्वीकारली.

जपानचा मार्ग वेगळा होता. तेथे १९४९ पासून ‘केइ’ हा वाहनवर्गच कायद्याने निर्माण केला गेला. त्याची एंजिन-मर्यादा १९५५ पासून ३६०, १९७६ पासून ५५० आणि १९९० पासून ६६० घ. सेंमी. अशी वाढत गेली. ह्या वर्गाला करात सवलत मिळते, आणि गाडी ठेवण्यास जागा असल्याचा दाखला आधी सादर करण्याच्या अटीतूनही बहुतेक भागांत सूट आहे. लहान गाडी निवडणे तेथे ग्राहकाच्या दृष्टीने फायद्याचे व्हावे, अशी व्यवस्था शासनाने केली. भारताच्या लहान गाडीचे मूळ पुढे ह्याच वर्गात सापडले.

भारतातील धोरण : स्वातंत्र्यानंतर मोटारउद्योगाला परवान्यांच्या चौकटीत बसविण्यात आले. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमान्वये परवान्यावाचून कारखाना काढता येत नसे, आणि खाजगी मोटारगाडी ही चैनीची वस्तू गणली जाई. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी फियाट ‘५००’ ची जुळणी झाली होती. पण कंपनीचा मुख्य भर लवकरच ‘११००’ ह्या मोठ्या गाडीकडे वळला. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विशेषतः मुंबईच्या टॅक्सीच्या रूपाने सर्वपरिचित झाली. हिंदुस्थान मोटर्सची ‘अँबॅसडर’, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ‘हेरल्ड’ आणि प्रीमियरची ‘फियाट’ या तिघींतूनच भारतीय ग्राहकाला निवड करावी लागे. तीही निवड नव्हे, नोंदणी करून वाट पाहणे होते. मध्यमवर्गाने या काळात लहान गाडीची गरज स्कूटरवर भागविली. स्कूटरसाठीही वर्षानुवर्षे रांग असे.

१९५९–६० मध्ये एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कमी किमतीची मोटारगाडी देशात तयार व्हावी, अशी शिफारस केली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे हा प्रश्न समित्या, मंत्रालये व संसदेतील चर्चा यांत फिरत राहिला. सार्वजनिक क्षेत्रात कारखाना काढावा की खाजगी, परदेशी सहकार्य घ्यावे की नाही, आणि बससेवा अपुरी असताना मोटारीवर भांडवल खर्चावेच का, असे वाद होते. यांपैकी शेवटचा आक्षेप गैर नव्हता. परंतु त्याचे उत्तर म्हणून बसगाड्याही पुरेशा वाढल्या नाहीत.

‘मीरा’ : नेमक्या ह्याच काळात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे एका कारागिराने स्वतःच्या बळावर लहान गाडी तयार केली होती. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली यंत्रमाग आणला, तेव्हापासून ते यंत्रमागांचे गाव. शेजारच्या कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने व तेल-एंजिनांचा धंदा वाढलेला. यंत्राचा भाग मोडला, तर तो गावातच करून घेण्याची सवय या परिसराला होती. शंकरराव कुलकर्णी हे ह्याच वातावरणातील. यंत्रशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी कामास प्रारंभ केला आणि १९४९ साली पहिली दोन आसनांची गाडी उभी केली. तिची रीतसर नोंदणी होऊन ती रस्त्यावर चालली. पुढील पंचवीस वर्षांत त्यांनी तिची सुधारित रूपे केली. शेवटचे रूप १९७५ च्या सुमाराचे आहे. गाडीचे नाव ‘मीरा’.

तांत्रिक दृष्ट्या ‘मीरा’चा सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे तिची धक्के शोषणारी रचना. पोलादी कमानी वा स्प्रिंगा न वापरता प्रत्येक चाकाचा भार रबरावर तोलला होता. त्यामुळे भागांची संख्या, वजन आणि वंगणाची गरज ही तिन्ही कमी झाली. याच तत्त्वावर आधारलेली ‘मिनी’ची रचना जगभर वाखाणली गेली, ती १९५९ नंतर. दोन्ही ठिकाणी विचार एकाच दिशेने गेला, याचे कारण प्रश्न एकच होता. हलक्या गाडीत एकटा चालक असताना आणि चार माणसे बसली असताना एकूण वजनात पडणारा फरक प्रमाणाने फार मोठा असतो. साधी स्प्रिंग एका स्थितीत कडक, तर दुसऱ्या स्थितीत मऊ ठरते. रबर दाबले जाईल तसतसे अधिक कडक होते व हा फरक सावरून घेते. ‘मीरा’ एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे २० किमी. जाई आणि उत्पादन सुरू झाल्यास तिची किंमत १२ हजार रुपयांच्या आसपास राहील, असा अंदाज होता.

उत्पादन मात्र झाले नाही. परवाना व भांडवल या दोहोंपैकी काहीही वेळेवर मिळाले नाही, आणि १९८० नंतर परदेशी सहकार्याची गाडी येणार हे ठरल्यावर ‘मीरा’चा विचार मागे पडला. ह्या अपयशाचे सर्व खापर परवानापद्धतीवर फोडण्याची रूढी आहे. ते अर्धसत्य होय. हाताने केलेला एक नमुना आणि वर्षाला हजारो गाड्या काढणारा कारखाना यांमध्ये साचे, दाबयंत्रे, सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग, दुरुस्तीची केंद्रे आणि दीर्घकाळ तोटा सोसू शकणारे भांडवल एवढे अंतर असते. ते एकट्या कारागिराला ओलांडता येत नाही. पण हे अंतर ओलांडण्यास त्याला साहाय्य करील अशी एकही संस्था त्या पंचवीस वर्षांत पुढे आली नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. नमुन्याची निष्पक्ष तांत्रिक परीक्षा होऊन तिचा अहवाल प्रसिद्ध झाला असता, तरी रबरी निलंबनाची कल्पना दुसऱ्या एखाद्या कारखान्याला उचलता आली असती.

‘मारुती’ आणि नंतर : संजय गांधी यांना १९७० साली लहान गाडीसाठी इरादापत्र मिळाले व १९७१ मध्ये मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, तिच्या हातून बाजारात विकता येईल अशी गाडी निघाली नाही. बंगलोर येथे १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘बादल’ ही तीनचाकी गाडी निघाली, पण ती अल्पजीवी ठरली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मालकीच्या मारुती उद्योग लिमिटेडने ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली ‘मारुती ८००’ इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. किंमत सुमारे ५० हजार रुपये होती. तीन सिलिंडरांच्या ७९६ घ. सेंमी. एंजिनाची ही गाडी मुळात केइ वर्गातील गाडीवरून घेतलेली होती. ती हलकी होती, सहज वळे व सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होई. जुन्या गाड्यांच्या मालकांना हा शेवटचा गुण चमत्कारासारखा वाटला. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

‘नॅनो’ : स्वस्त गाडीचा महाराष्ट्रातून झालेला सर्वांत मोठा प्रयत्न टाटा मोटर्सचा. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी सांगितले आहे. पुणे येथील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील पथकाने तिचा विकास केला आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात ती एक लाख रुपये किमतीच्या घोषणेसह दाखविली गेली. लांबी सुमारे ३·१ मी., दोन सिलिंडरांचे ६२४ घ. सेंमी.चे एंजिन मागील बाजूस, वजन सुमारे ६०० किग्रॅ. असे तिचे स्वरूप होते. काच पुसणारा एकच दांडा, चाकाला चाराऐवजी तीन नट, एकच बाह्य आरसा, न उघडणारे मागील दार अशी काटकसर तपशिलातपशिलात केलेली होती. बसण्याची जागा मात्र ‘मारुती ८००’ पेक्षा ऐसपैस होती.

पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे भूसंपादनाविरुद्ध आंदोलन झाल्याने ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने तेथून काढता पाय घेतला व कारखाना गुजरातमधील सानंद येथे नेला. तोवर उत्तराखंडातील पंतनगर येथे मर्यादित उत्पादन करण्यात आले. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत विक्रीचा प्रारंभ झाला, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून मागणी नोंदविली व गाड्यांचे वाटप सोडतीने करावे लागले. सानंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. विक्री कधीही तिच्या जवळपास पोहोचली नाही. काही गाड्यांना आगी लागल्याच्या २०१० मधील घटनांनी विश्वास डळमळला. किंमतही एक लाखावर टिकली नाही. परंतु मुख्य कारण सामाजिक होते. ‘सर्वांत स्वस्त’ ही तिची ओळख तिला बाधली. स्कूटर सोडून मोटार घेणारा मनुष्य केवळ छप्पर विकत घेत नाही, तर दारासमोर उभी राहणारी प्रतिष्ठाही विकत घेतो. तिची जाहिरात अशा रीतीने होणे चुकीचे होते, हे रतन टाटा यांनीही २०१३ साली मान्य केले. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतीय लहान गाड्यांच्या टक्कर-चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ‘नॅनो’ला व तिच्याबरोबर तपासलेल्या इतर चार गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. २०१८ मध्ये ‘नॅनो’चे नियमित उत्पादन संपुष्टात आले.

बजाज ऑटो कंपनीने २०१२ साली दाखविलेले व पुढे ‘क्यूट’ नावाने वाळूज (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) येथे बनविलेले २१६ घ. सेंमी.चे वाहन रिक्षा व मोटारगाडी यांच्या मधले आहे. कमाल वेग ताशी ७० किमी. असलेल्या ह्या वाहनासाठी ‘क्वाड्रिसायकल’ हा स्वतंत्र वर्ग कायद्यात करावा लागला, आणि खाजगी वापराची मुभा २०१८ मध्ये मिळाली. विद्युत् गाड्यांत बंगलोरची ‘रेवा’ (२००१) ही अग्रेसर होती. २०२३ मध्ये आलेली, ३ मी.हून आखूड ‘कॉमेट’ ही त्याच वाटेवरची पुढची गाडी होय.

निवडीचे निकष : थोड्या अंतरासाठी गाडी निवडताना ‘किती देते’ हा प्रश्न आपल्याकडे पहिला विचारला जातो. वास्तविक तो तिसरा वा चौथा असावयास हवा. रोज १२ किमी. याप्रमाणे वर्षात ३०० दिवस जाणाऱ्या गाडीचे ३,६०० किमी. होतात. लिटरला २० किमी. देणारी गाडी त्यासाठी १८० लिटर, तर १५ किमी. देणारी २४० लिटर पेट्रोल घेते. फरक ६० लिटरांचा. पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास तो वर्षाला ६ हजार रुपये होतो. याउलट, केवळ मायलेजच्या मोहाने गाडीवर एक लाख रुपये अधिक खर्चिले व त्यावर ९ टक्के दराने व्याज दिले, तर ते ९ हजार भरते. म्हणजे अंतर जितके थोडे, तितके खरेदीची किंमत, विमा व घसारा यांचे महत्त्व अधिक. रोज ६० किमी. जाणाऱ्याचा हिशेब याच्या अगदी उलट येतो.

थोडे अंतर एंजिनाच्या प्रकृतीलाही मानवत नाही. थंड एंजिनाला पेट्रोलचे प्रमाण जास्त द्यावे लागते. दोन-तीन किमी.मध्ये तेल पुरते तापत नाही, ज्वलनात निर्माण झालेली वाफ आत थिजून तेलात मिसळते, आणि सुरू करताना विद्युत् घटमालेतून घेतलेला भार भरून निघत नाही. निष्कासनातील दूषके कमी करणारा उत्प्रेरकी परिवर्तकही काही शतके अंश सेल्सिअस तापमान गाठल्यावाचून काम करू लागत नाही. म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर न मोजता महिने मोजून बदलणे इष्ट. विद्युत् गाडीला यांपैकी बहुतेक दोष लागू नाहीत, आणि तिच्या पल्ल्याची मर्यादाही अशा वापरात आड येत नाही. घरी भारण करण्याची सोय असेल, तर शहरातल्या थोड्या अंतरासाठी तीच अधिक युक्त ठरते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड करू नये. नव्या नमुन्यांना ऑक्टोबर २०१७ पासून व सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून टक्कर-चाचणीचे निकष बंधनकारक झाले. जुनी गाडी स्वस्तात घेणाऱ्याने ती ह्या तारखांच्या आधीची की नंतरची, हे रंगापूर्वी पाहावे.

शहराबाहेरची कसोटी : लहान शहरी गाडीच्या मर्यादा पाहावयाच्या तर गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण बोलके उदाहरण आहे. प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते, त्या संगमाजवळचे हे गाव एकेकाळी मध्य प्रांतातील अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. पुढे ते चांदा जिल्ह्यात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाल्यावर त्यात आले. गावातल्या गावात मोटारीची गरजच पडत नाही. कचेरी, बाजार, दवाखाना पायी वा सायकलीने गाठता येतात. आणि गावाबाहेर पडले, की अंतर एकदम मोठे होते. आलापल्ली सुमारे १०० किमी. जंगलातून, तर जिल्ह्याचे ठिकाण त्याच्या जवळजवळ दुप्पट. रेल्वे गावाला नाही. आगगाडी धरायची, तर नदीपार तेलंगणातील मंचेरियाल गाठावे लागते. म्हणजे ज्या मधल्या, पाच ते पंधरा किमी.च्या अंतरासाठी शहरी गाडी बनविली जाते, ते अंतरच येथे फारसे नाही.

रस्ता हा दुसरा मुद्दा. चाकाचा व्यास लहान असेल, तितका खड्डा खोल लागतो. मोठे चाक ज्यावरून सरकून जाते, त्यात १२ इंची चाक उतरते. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला, की तळाची उंची व एंजिनाच्या हवेच्या वाटेची उंची यांवर प्रवास अवलंबून राहतो. पूर्व विदर्भातील जुन्या वाहनांत हा भेद आधीपासून होता. ओझ्यासाठी बंडी आणि माणसांच्या जलद जाण्यासाठी हलकी रेंगी किंवा छकडा. मोटारयुगात ओझ्याचे काम ट्रॅक्टरने घेतले आणि माणसांचे काम एस.टी. व काळीपिवळी जीपने. जीपमध्ये प्रवासी कोंबले जात हे खरे, पण ती वाटेत बंद पडली तर चालकाला ती रस्त्याच्या कडेलाच दुरुस्त करता येई. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिरोंचाजवळ प्राणहिता व गोदावरी या नद्यांवर पूल झाले. त्यापूर्वी नावेने नदी ओलांडून पलीकडे दुसरे वाहन धरावे लागे, आणि अशा प्रवासात स्वतःच्या गाडीचा उपयोग काठापर्यंतच होता. पुलांमुळे पलीकडच्या शहरांतील रुग्णालये, बाजारपेठा व रेल्वे स्थानके थेट गाडीने गाठता येऊ लागली. अशा ठिकाणी गाडी घेणाऱ्या कुटुंबाने रोजचा प्रवास न पाहता वर्षातून चार-सहा वेळा करावा लागणारा प्रवास पाहणे योग्य. रात्री रुग्णाला घेऊन निघण्याची वेळ आली, तर दोनशे किमी. न थांबता जाईल, वाटेत इंधन वा भारण लागणार नाही आणि जिचा सुटा भाग तालुक्याच्या मिस्त्रीपाशी मिळेल, अशी जुन्या बांधणीची साधी पेट्रोल गाडी तेथे आजही अधिक उपयोगी पडते. विद्युत् गाडीचा तेथील प्रश्न भारणकेंद्रांच्या जाळ्याइतकाच अखंड वीजपुरवठ्याशीही निगडित आहे.